काठावरची हाक

“समुद्र किती वाजता बंद होतो हो?”

नोकरीत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी “अंधार पडला की” असं सरळ उत्तर द्यायला लागलो. विचारणारा समाधानाने मान हलवायचा आणि बायकोला सांगायला जायचा. उत्तरात खोटं काही नव्हतं. अंधार पडला की आम्ही झेंडे काढायचो, मचाणावरून उतरायचो, आणि त्यानंतर पाण्यात शिरलेल्याला बाहेर काढायला किनाऱ्यावर कोणी नसायचं. म्हणजे समुद्र बंदच की.

बऱ्हाणपूरच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी “समुद्रावरच्या गमतीजमती” लिहून द्या, असा संपादकांचा आग्रह आहे. गमती आहेत दोन-चार, त्या सांगतो. पण माझी नोकरी माणसं बुडतात तिथली होती, त्यातून गमती निघून निघून किती निघणार? फराळ खाता खाता वाचायला हे जड जाईल. ज्यांना नको असेल त्यांनी पान उलटावं. फक्त ज्यांच्या घरातून या सुट्टीत कोणी समुद्रावर जाणार आहे, त्यांनी उलटू नये.

मी बऱ्हाणपूरचा. वडील जळगावकडून इथल्या कागद कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. इथून समुद्र कुठल्याही बाजूने गाठा, अख्खी रात्र गाडीत जाते. असल्या मुलखातला माणूस कोकणच्या किनाऱ्यावर जीवरक्षक होतो, याचं तिथल्या कोळ्यांना फार हसू यायचं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, “तुमच्या गावाला समुद्र आहे का?” मी म्हणालो, “नाही, तापी आहे.” साहेब हसले. मग पोहण्याची परीक्षा झाली आणि ते हसायचे थांबले. जरा फुशारकी होते आहे, पण एवढी चालवून घ्या, पुढे मारायला जागा मिळणार नाही.

पोहायला मी तापीच्या राजघाटावर, केळीच्या खांबावर शिकलो. घड उतरवल्यावर केळीचं जे खोड उरतं तो खांब. कापून पाण्यात टाकला की मजेत तरंगतो. त्याला मिठी मारायची आणि पाय झाडायचे, एवढीच आमची शिकवणी. पुढे पाणी चढलं की मोठी पोरं घरच्यांच्या शिव्या खाऊन तापी पार करायची, आणि त्याची एक पद्धत होती. पैलतीरावर आधीच एकजण जाऊन थांबायचा, हाक द्यायला. पोहणाऱ्याचं डोकं पाण्याच्या बरोबरीला असतं, त्याला काठ धड दिसत नाही. त्याने कान उघडे ठेवायचे आणि हाकेच्या रोखाने यायचं. हाक देणाराही एका जागी उभा राहत नसे. धार पोहणाऱ्याला खाली नेते, म्हणून तोही दगडधोंड्यांतून, काट्याकुट्यांतून काठाने खाली पळत सुटायचा, “इकडे, इकडे” करत. तो का पळतो, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सगळे पळतात म्हणून पळायचं. हे एवढं लक्षात असू द्या.

आता समुद्राचं सांगतो. लाटेला लोक उगीच भितात. लाट माणसाला पाडते, नाकातोंडात पाणी घालते, पण ढकलते किनाऱ्याकडेच. माणूस मारते ती ओढ. लाटांनी किनाऱ्याशी आणून टाकलेलं पाणी परत तर गेलं पाहिजे. ते सगळीकडून सारखं जात नाही. तळाच्या वाळूत कुठे खोलगट वाट सापडली की तिथून एकवटून जोरात मागे जातं. ती वाट खोल असते म्हणून तिथे लाट फुटत नाही. दोन्ही अंगांना पांढरा फेस उसळत असतो आणि मधे एक पट्टा दिसतो, सपाट, शांत, जरा काळसर. नवख्याला वाटतं, देवाने ही जागा आपल्यासाठीच ठेवली आहे. आणि वाळू हलती असल्यामुळे आज इथे असलेली ओढ उद्या भलतीकडेच असते. म्हणून रोज सकाळी मचाणावर चढून पाणी नीट बघायचं आणि जागा ठरवून लाल-पिवळे झेंडे रोवायचे. दोन झेंड्यांच्या मधे आंघोळ, बाहेर नाही. नुसताच लाल झेंडा असेल तर कुठेच नाही.

ओढीत सापडलेल्याने करायचं काय, तर पहिल्यांदा काहीच नाही. तेच अवघड आहे. ओढ माणसाला तळाला खेचत नाही, नुसती आत नेते, आणि बहुतेक वेळा लाटा फुटतात त्याच्या थोडं पलीकडे तिचा जोर संपतो. पाठीवर पडावं, तरंगावं, हात वर करावा. पोहायचंच असेल तर किनाऱ्याकडे नाही, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहावं. पट्टा फार रुंद नसतो. त्यातून बाजूला निघालं की मग लाटाच माणसाला बाहेर आणून टाकतात. पण जीव जायची वेळ आलेली, किनारा समोर दिसतोय, आपली माणसं तिथे उभी आहेत, आणि त्यांच्याकडे न जाता आडवं जायचं! सांगायला सोपं आहे. मी कित्येक वर्षं सांगत होतो आणि लोक कित्येक वर्षं ऐकत नव्हते.

शिवाय बुडणारा माणूस ओरडतो हे विसरून जा. ओरडायला श्वास लागतो. जो “वाचवा, वाचवा” करतो त्याच्याकडे अजून थोडा वेळ असतो. ज्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर आलंय, डोकं मागे कललंय आणि जो काहीच बोलत नाही, त्याच्याकडे नसतो. म्हणून आमच्या कामाचा पहिला धडा असा की आधी गप्प माणसाकडे जायचं. या धड्यावर माझा विश्वास आहे. तो मला किती महागात पडला ते पुढे येईलच.

गमती राहिल्याच. एका गृहस्थांना मी बाहेर काढलं, कुशीवर वळवून तोंडातलं पाणी काढलं, ते शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले, “माझा चष्मा?” चष्मा समुद्रात गेला म्हटल्यावर माझ्यावर रागावले. दुसरे एक, किनाऱ्याला लागून असलेल्या रिसॉर्टचे पाहुणे, लाल झेंडा लावलेला असताना पाण्यात शिरत होते. मी शिट्टी वाजवली तर म्हणाले, “मॅनेजरला बोलवा.” मॅनेजर आला. त्याने पाहुण्यांना काही सांगितलं नाही. मलाच बाजूला घेऊन म्हणाला, “तो लाल झेंडा जेवणाच्या हॉलमधून दिसतो हो, लोक जेवताना नर्व्हस होतात, जरा पलीकडे नाही का लावता येणार?” मी त्याला जे उत्तर दिलं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

एक गोष्ट मात्र खरी. ज्यांना आपण वाचवतो ते पुन्हा भेटायला येत नाहीत. पहिली काही वर्षं मला त्याचं वाईट वाटायचं, मग कळलं की त्यांना लाज वाटते. चारचौघांत कोणीतरी केसांना धरून बाहेर काढलं ही काही मिरवायची गोष्ट नाही. ज्यांना वाचवता आलं नाही त्यांची माणसं मात्र भेटतात. मला ती निवृत्तीनंतर भेटली, माझ्याच गावाजवळ.

ते लोक सहलीला आले होते, आमच्या बऱ्हाणपूरजवळच्या फोपनार गावातून. केळीचा हंगाम आटोपल्यावर भाऊबंदांनी मिळून बस केली होती, गणपतीचं दर्शन आणि समुद्र असा बेत. मी मचाणावर होतो. खालून “अरे, कायले पळून राहिला, थांब ना” असं कानावर आलं आणि मी शिडीवरून जवळजवळ उडीच टाकली. किती दिवसांनी ती बोली ऐकत होतो! सगळ्यांच्या पुढे होते सुपडूभाऊ पाटील. आडव्या बांध्याचे, खांद्यावर टॉवेल. त्यांचं नाव मी लहानपणापासून ऐकून होतो. भर पुरात तापी पार करणारा माणूस म्हणून आमच्या सगळ्या पट्ट्यात त्यांची ख्याती.

“तुम्ही आपल्या राजघाटचे? अन् इथं सीटी वाजवून राहिले?” म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं झालं. त्यांची पत्नी कमलबाई मागे उभ्या होत्या, त्यांना मी वहिनी म्हटलं. धाकटे भाऊ भागवत सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत होते. तरुणपणी तापीवर सुपडूभाऊंना हाक द्यायचं काम याच भावाचं, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं.

मी सगळ्यांना दोन झेंड्यांच्या मधे नेऊन उभं केलं, ओढ म्हणजे काय ते सांगितलं, बाहेर जाऊ नका म्हणून बजावलं. माना हलल्या. तेवढ्यात किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला रिसॉर्टचे काही पाहुणे बाटल्या घेऊन पाण्यात उतरलेले दिसले. मी तिकडे पळालो. त्यांच्याशी भांडून, त्यांना बाहेर काढून मागे वळून बघतो तर माझी माणसं झेंड्यांच्या मधे नव्हती.

ती तिथून का हलली हे मला नंतर कळलं. झेंड्यांच्या मधे लाटा होत्या. बायका पडत होत्या, एका म्हातारीच्या नाकातोंडात पाणी गेलं. सुपडूभाऊ घरातले कर्ते, त्यांनी सगळ्यांसाठी बरी जागा शोधली. तापीवर पाणी जिथे पांढरं उसळतं तिथे खाली खडक असतो, तिथे आंघोळीला कोणी जात नाही. जिथे पाणी सपाट, तिथे घाट. आयुष्यभर याच हिशेबाने ते पाण्यात उतरले होते. इथेही त्यांनी सपाट पाणी बघितलं आणि बायकामाणसांना तिथे नेलं. काळजीपोटी नेलं, मस्तीत नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

बाकीचे गुडघाभर पाण्यात थांबले. सुपडूभाऊ आणि कमलवहिनी कमरेपर्यंत पुढे गेले, जोडीने बुडी घ्यायला. आपल्याकडे नवरा-बायको हातात हात धरून एकदम खाली जातात आणि एकदम वर येतात. ते खाली गेले. वर आले तेव्हा पायाखाली वाळू नव्हती.

मी शिट्टी फुंकत धावलो आणि लाल फ्लोट, म्हणजे बुडणाऱ्याला धरायला द्यायची तरंगती फळी, घेऊन त्याच ओढीत शिरलो. आम्हाला आत लवकर पोचायचं असतं म्हणून आम्ही ओढीचाच रस्ता धरतो. लाटांवर चढलो की दोघांची डोकी दिसायची, उतरलो की नाही. सुपडूभाऊंनी एका हाताने वहिनींना धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने किनाऱ्याकडे पाणी मारत होते. वहिनी गप्प होत्या. डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर. त्यांना पोहता येत नव्हतं, त्यामुळे त्या धडपडत नव्हत्या. लुगड्यात हवा शिरून ते फुगलं होतं, तेवढ्यावर त्या वर होत्या.

मी फ्लोट पुढे सरकवला. सुपडूभाऊंनी तो धरला नाही. वहिनींची मूठ त्यांच्या मनगटावर आवळलेली होती, ती त्यांनी बोट बोट करून सोडवली आणि त्यांना फ्लोटवर ढकललं. “हिले धरा. मी येतो,” म्हणाले. आवाजात घाबरणं नव्हतं. भर पुरात तापी पार करणारा माणूस होता तो.

मी ओरडलो, “भाऊ, सरळ नको! आडवे जा! तापीसारखी धार कापा, बाजूला!” त्यांनी माझ्याकडे बघितलं. ऐकलं असावं, असं मला आजही वाटतं. पण त्याच वेळी किनाऱ्यावरून हाक आली. “दादा, इकडे! इकडे या, दादा!” भागवतभाऊ पाण्याच्या कडेला उभे राहून दोन्ही हात वर करून हाक देत होते आणि त्यांच्यामागे अख्खी सहल ओरडत होती. सुपडूभाऊंनी मान तिकडे वळवली आणि हात मारत सरळ हाकेच्या रोखाने निघाले. सरळ, म्हणजे ओढीच्या तोंडावर. हात इतके सुंदर पडत होते की काय सांगू. जागचे मात्र हलत नव्हते.

वहिनी फ्लोटवर होत्या आणि माझ्या हातात होत्या. मी आडवा निघालो. त्यांना लाटांत आणून धावत आलेल्या माझ्या जोडीदार जीवरक्षकाच्या हातात दिलं आणि पुन्हा आत गेलो. तोपर्यंत पाण्यावर काही नव्हतं. त्या पट्ट्यात नुसतं सपाट, शांत पाणी.

सुपडूभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खडकांपाशी मिळाले. पोलिसांना मी सांगितलं, पोहताना दमून बुडाले. एवढंच लिहिलं गेलं. ते लोक त्यांना घेऊन निघून गेले. वहिनी गाडीत बसताना माझ्याकडे बघत होत्या. नंतर कित्येक महिने मला ते हात दिसायचे. मी सरळ सांगतो, मी रडलो, मचाणावर बसून, ड्युटी चालू असताना.

मग निवृत्त होऊन बऱ्हाणपूरला परत आलो. एक दिवस एक तरुण दारात उभा. “काका, मी गोपाल. फोपनारचा. सुपडू पाटलांचा.” वडील गेले तेव्हा हा शाळेत होता, परीक्षेमुळे सहलीला आला नव्हता. आता केळीच्या ट्रकचं लोडिंग बघतो. मी त्याला आत घेतलं.

त्याला चांगला बीच विचारायचा होता. गावातली पोरं बस करून समुद्रावर निघाली होती. मी म्हणालो, “गोपाल, तू समुद्रावर जातो आहेस?”

“काका, टेन्शनच नाही,” तो म्हणाला. “आम्ही सगळे तापी पार करणारे. अन् लेडीज कोणीच नाही नेऊन राहिलो. बापूंचं तेच तर झालं ना. मायनं गळ्याले मिठी मारली, नहीं तो बापू आरामसे निकल जाते.”

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने ते असं सांगितलं, जसं आपण सांगतो की अमुक रस्त्यावर खड्डा आहे. अख्ख्या गावाला तसंच ठाऊक होतं. काठावरून दोन डोकी चिकटलेली दिसली, मग एक डोकं माझ्याबरोबर बाहेर आलं, दुसरं आलं नाही. लोकांनी गोष्ट पुरी केली. पट्टीचा पोहणारा, बायको गळ्यात पडली म्हणून गेला. आणि त्यातून धडा घेतला तो कोणता, तर पाण्यात बायका नेऊ नका! मला इतका संताप आला की त्या पोराला चहासुद्धा विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी फोपनारला गेलो. वहिनी ओसरीवर वाती वळत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं. “सीटीवाले भाऊ,” म्हणाल्या आणि पाट पुढे केला. मी प्रस्तावना वगैरे केली नाही. म्हणालो, “वहिनी, गावात जे बोलतात ते खोटं आहे. मी तिथे होतो. तुम्ही गप्प का बसलात?”

“राहू द्या भाऊ,” त्या म्हणाल्या. “लोकांचं काय, बोलतात. त्यायचं नाव तर राहिलं ना, का सुपडूभाऊ पाण्याले हरले नाही, बायकोपायी गेले.”

“आणि तुमचं नाव?”

“माझं कोण घेते?” त्या वाती वळतच होत्या. मग हात थांबले. “अन् भाऊजींले काय सांगू? का तुमच्या हाकेवर गेले म्हणून? त्या माणसानं त्या दिवसापासून माझं शेत पाह्यलं, माझं लेकरू वाढवलं. त्यायले हे कळलं तर ते जगतीन का?”

मला वाटत होतं, पाण्यातलं ते सगळं फक्त मला माहीत आहे. मी विचारलं, “वहिनी, तुम्हाला हाक ऐकू आली होती?”

“तुमच्या त्या लाल फळीवर पडून मी दुसरं काय करत होती?” त्या म्हणाल्या. “त्यायलेच पाहत होती. हाक आली, ते वळले, हे दिसलं मले.”

इतकी वर्षं ही बाई हे मनात घेऊन त्या घरात भाकऱ्या भाजत होती, आणि ज्याच्या हाकेने नवरा गेला त्यालाच वाढत होती, त्याला कळू नये म्हणून स्वतः दोष घेऊन. तिच्यापुढे बसायचीही मला लाज वाटली. पण मी आलो होतो त्या कामाचं काय?

“वहिनी, गोपाल जातोय,” मी म्हणालो. “त्याला वाटतं, ज्याला पोहता येतं त्याला समुद्र काही करत नाही. तुमच्या गप्प बसण्यातून तो हे शिकला आहे.” एवढं कठोर बोलायला नको होतं, पण मला गोड बोलायची सवय नाही. किनाऱ्यावर गोड बोललेलं कोणाला ऐकू जात नाही.

त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मग वाती डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि उठल्या. “चला,” म्हणाल्या.

केळी भरायच्या शेडपाशी पोरं जमली होती, सहलीचाच बेत चालला होता. काही जाणती माणसं होती, भागवतभाऊही होते. केस पुरते पांढरे झालेले. मी काडी घेऊन धुळीत किनारा काढला, लाटा काढल्या, मधला सपाट पट्टा काढला आणि सगळं समजावून सांगितलं. पोरांनी आदराने ऐकलं, म्हणजे एक डोळा मोबाइलवर ठेवून. शेवटी गोपाल म्हणाला, “पण काका, आम्हाले पोहता येते ना.”

“त्यायलेही येत होतं,” कमलवहिनी म्हणाल्या.

त्या शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. पुरुषमाणसांच्या घोळक्यात त्या याआधी कधी बोलल्या नसाव्यात, कारण सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. “पोहता येत होतं म्हणून गेले. मले येत नव्हतं, म्हणून मी उभी आहे इथं. मी कोणाच्या गळ्यात पडली नाही. माझा हात त्यायनी सोडवला, एक एक बोट करून. मले यायच्या फळीवर टाकलं, अन् म्हणाले, हिले धरा. मग सरळ काठाकडं निघाले. हे भाऊ वरडून राहिले होते, आडवे जा म्हणून. ते सरळ गेले.”

गोपालचा मोबाइल हातात तसाच राहिला. “माय, तू हे कधीच का नाही बोलली?” तो म्हणाला.

एका म्हाताऱ्याने विचारलं, “पण सरळ कायले गेला सुपडू? धार कापणं त्याले कोणी शिकवायची गरज होती का?”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायची तयारी मी मनात करत होतो, दम लागला होता, दिशा चुकली, असलं काहीतरी. पण त्याची गरज पडली नाही. भागवतभाऊ धुळीतल्या त्या रेघांकडे बघत होते. खाली बसले, सपाट पट्ट्यावर बोट ठेवलं आणि किनाऱ्याच्या रेघेपर्यंत ओढत आणलं.

“इथं उभा होतो मी,” ते म्हणाले. “तापीवर पळायचो. दादा खाली वाहत जायचे, मी काठानं पळायचो, ते तिरपे यायचे माझ्याकडं. तिथं ते कुठंच वाहून नव्हते राहिले. एका जागी दिसत होते. म्हणून मीही एका जागी उभा राहून हाक देऊन राहिलो.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “मी बाजूले पळालो असतो, तर दादा बाजूले आले असते?”

मी म्हणालो, “भाऊ, तिथली धार काठावरून दिसत नाही. कोणालाच कळलं नसतं.” हे खरं आहे. पण त्यांनी विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं आणि आम्हा दोघांनाही ते समजत होतं.

मला वाटलं होतं, आता बस रद्द होईल. झाली नाही. पोरांनी वचन दिलं, झेंड्याबाहेर जाणार नाही, जीवरक्षकाला विचारूनच उतरू. बस निघायच्या सकाळी मी पुन्हा गेलो, एकेकाला पाठ केल्यासारखं म्हणायला लावलं. सपाट पाण्यात उतरायचं नाही. ओढीत सापडलो तर तरंगायचं. पोहायचं तर आडवं. भागवतभाऊ जरा लांब उभे होते. सुपडूभाऊ गेले त्या दिवसापासून ते तापीवरसुद्धा फिरकले नव्हते, सहलीला जायचा प्रश्नच नव्हता.

कमलवहिनी पोराच्या डब्याची पिशवी घेऊन आल्या. पिशवी गोपालला न देता त्यांनी ती भागवतभाऊंच्या हातात दिली.

“भाऊजी, चढा.”

भागवतभाऊंनी नकारार्थी मान हलवली. पिशवी परत पुढे केली.

“लेकरं पाण्यात उतरतीन,” वहिनी म्हणाल्या. “काठावर हाक द्यायले आपलं माणूस लागते. ती तुम्हीच द्या. फक्त या खेपेले पळत द्या.”

भागवतभाऊ बसमध्ये चढले. वहिनींनी दार आपल्या हाताने लावलं.